पहिला नांगर कोण विकत घेणार? उद्यमशीलतेच्या संस्कृतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावी होणारी उद्योजकता शिबिरे, महाविद्यालयांतील कार्यशाळा आणि बचतगटांच्या बैठका यांतून जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. उदाहरणे बहुतांशी महाराष्ट्रातील आहेत. आपल्या विकसनशील अर्थव्यवस्थेत नवे उद्योग कसे उभे राहिले आणि कुठे अडले, याचा शंभराहून अधिक वर्षांचा अनुभव आपल्या हाताशी आहे, तो आधी नीट वाचावा असे आम्हांला वाटते.

‘नवोन्मेषाची संस्कृती’ याचा साधा अर्थ काय?

नवी वस्तू करून पाहणाऱ्या माणसाची जोखीम भोवतालच्या समाजाने थोडी थोडी वाटून घेण्याची सवय, असा आम्ही त्याचा अर्थ करतो. कल्पना सुचणारी माणसे प्रत्येक गावात असतात. काही गावांत त्या कल्पनेचे पुढे कारखान्यात रूपांतर होते आणि काही गावांत ती कल्पना माणसाबरोबरच संपते. हा फरक बुद्धीमुळे पडत नाही, तो भोवतालच्या माणसांच्या वागण्यामुळे पडतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि तेथून लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाच्या फाळाने जमिनीत विष उतरते, असा समज त्या काळी शेतकऱ्यांत होता आणि पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगावातील जागाही सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर माळरान जमीन देऊ केली आणि १९१० मध्ये तेथे, निवडुंग तोडून, किर्लोस्करवाडीची वसाहत सुरू झाली.

ही हकिकत सांगताना आपण लक्ष्मणरावांच्या चिकाटीचे कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. पण त्यात आणखी काही माणसे आहेत. भविष्यात चालेल की नाही हे ठाऊक नसलेल्या कारखान्याला जमीन देणारा एक राजा आहे, पगाराची शाश्वती नसताना माळावर राहायला आलेले सहकारी आहेत आणि शेजाऱ्यांचे बोलणे कानाआड करून पहिला लोखंडी नांगर बैलांना जुंपणारा एक शेतकरी आहे, ज्याचे नाव आज बहुतेकांना ठाऊक नाही. यांच्यापैकी प्रत्येकाने थोडी थोडी जोखीम उचलली. संस्कृती हा शब्द आम्ही या सगळ्यांसाठी वापरतो.

नवोन्मेष आणि उद्योजकता या दोन गोष्टी एकच आहेत का?

नाहीत. चौकात दहावे मोबाइल दुरुस्तीचे दुकान टाकणारा माणूस उद्योजक आहे, पण त्याने नवे काही केलेले असेलच असे नाही. शेतात तणनाशक फवारण्यासाठी जुन्या सायकलचे चाक वापरून गाडा तयार करणारा शेतकरी नवे करतो, पण तो गाडा विकण्याचा विचार त्याच्या मनात येतोच असे नाही. या दोघांची गाठ पडली पाहिजे, आणि ती घालून देणारी माणसे व संस्था आपल्याकडे फार थोड्या आहेत.

विकसनशील देशात हे काम अधिक अवघड का जाते?

पहिले कारण घरातले आहे. ज्या घरात एकच माणूस मिळवता आहे, दुखणेखुपणे आले तर उपचारांचा खर्च खिशातून करायचा आहे आणि म्हातारपणाची तरतूद म्हणजे मुलगाच आहे, त्या घरातील आईवडिलांनी ‘आधी नोकरी बघ’ असे म्हणणे हा भित्रेपणा नसून हिशेब असतो. तरुणांना ‘धाडस करा’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे आहे, पण त्या धाडसाची किंमत त्याच्या धाकट्या बहिणीच्या शिक्षणातून भरली जाणार असेल तर त्याने मागे सरणे स्वाभाविक आहे. आरोग्यविमा, निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण यांची हमी जेवढी भक्कम, तेवढी नवे करण्याची हिंमत अधिक. या गोष्टी उद्योगधोरणात येत नाहीत, म्हणून त्यांचा उद्योगाशी असलेला संबंध लक्षात येत नाही.

दुसरे कारण संशोधनाचे. भारताचा संशोधन आणि विकासावरील एकूण खर्च २०२०-२१ मध्ये सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता. चीनमध्ये हे प्रमाण दोन टक्क्यांच्या बरेच वर आहे, तर दक्षिण कोरियात ते पाच टक्क्यांच्या जवळ पोहोचले आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की आपल्या खर्चात खासगी उद्योगांचा वाटा एक तृतीयांशाहून थोडाच अधिक आहे, तर कोरियात तीन चतुर्थांशांहून अधिक खर्च उद्योगच करतात. म्हणजे आपल्याकडे संशोधन ही अजूनही सरकारने करायची गोष्ट समजली जाते.

तिसरे कारण खेळत्या भांडवलाचे, म्हणजे रोजचा खर्च भागवायला हाती लागणाऱ्या पैशाचे. ते मोठे असल्यामुळे त्यासाठी पुढे स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

सरकारी योजना तर पुष्कळ आहेत. मग त्या पुरेशा का ठरत नाहीत?

योजना खरोखरच पुष्कळ आहेत आणि त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारण न घेता कर्ज मिळते. शिशु गटात ५० हजारांपर्यंत, किशोर गटात ५ लाखांपर्यंत आणि तरुण गटात १० लाखांपर्यंत मर्यादा असून, तरुण गटातील कर्ज व्यवस्थित फेडणाऱ्यांना २० लाखांपर्यंतची वाढीव मर्यादाही आता आहे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादन उद्योगासाठी ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प आणि प्रवर्गानुसार व ठिकाणानुसार १५ ते ३५ टक्के अनुदान आहे. नवउद्योगांसाठीचे स्टार्टअप इंडिया अभियान जानेवारी २०१६ मध्ये आले. गुंतवणूकदारांकडून आलेल्या भांडवलावर लागणारा, एंजल टॅक्स या नावाने ओळखला जाणारा आणि नवउद्योगांच्या मुळावर येणारा कर २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, हा निर्णय उशिरा झाला तरी योग्य होता.

तरीही या योजनांचा भर सुरुवातीवर आहे. कर्जप्रकरण मंजूर झाले, यंत्र आले, नारळ फोडला, फोटो निघाला, येथपर्यंत सगळे साह्य करतात. पुढच्या अठरा महिन्यांत माल कोण घेणार, हा प्रश्न प्रकल्प अहवालात एका परिच्छेदात उरकलेला असतो, आणि तो परिच्छेदही बहुधा दुसऱ्याच्या अहवालातून उचललेला असतो. आमच्या माहितीतील एका तरुणाने अनुदानावर पेपर प्लेट बनवण्याचे यंत्र घेतले. त्याच वर्षी त्याच तालुक्यात आणखी अनेकांना तेच यंत्र मंजूर झाले होते. वर्षभरात सर्वांनी एकमेकांचे भाव पाडले आणि बहुतेक यंत्रांवर ताडपत्री पडली. यात कोणी लबाडी केली नव्हती. अर्ज मंजूर करणाऱ्यांपैकी कोणीही बाजाराकडे पाहिले नव्हते, एवढेच.

सरकारकडून सर्वांत मौल्यवान मदत कोणती, असे विचारले तर आमचे उत्तर ‘खरेदी’ असे आहे. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असा दंडक आहे. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह सुरू केला, त्यात निवडलेल्या २४ स्टार्टअपना शासनाच्या विभागात आपले उत्पादन वापरून दाखवण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचा कार्यादेश देण्याची पद्धत आणली. ही कल्पना आम्हांला अनुदानापेक्षा अधिक मोलाची वाटते, कारण ‘हे यंत्र अमुक जिल्हा रुग्णालयात चालू आहे’ असे एक वाक्य सांगता आले की पुढचे गिऱ्हाईक दारात उभे राहते.

मालाचे पैसे वेळेवर मिळत नाहीत. याचा नवोन्मेषाशी काय संबंध?

फार जवळचा संबंध आहे. या एका प्रश्नाकडे जितके दुर्लक्ष झाले आहे तितके कशाकडेच झालेले नाही.

एखाद्या औद्योगिक वसाहतीतील दोन लेथ आणि एक मिलिंग मशीन असलेला गाळा डोळ्यांसमोर आणा. मालक स्वतः कारागीर आहे. मोठ्या कंपनीचे सुटे भाग तो जॉबवर्कने करतो. माल दिला की बिल पोचते, पैसे नव्वद दिवसांनी, कधी चार महिन्यांनी येतात. दरम्यान कामगारांचा पगार दर महिन्याच्या सात तारखेला, वीजबिल ठरल्या दिवशी आणि जीएसटी, पैसे हाती आले असोत वा नसोत, भरावाच लागतो. मालकाच्या डोक्यात नव्या फिक्श्चरची (यंत्रावर काम करताना भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनाची) कल्पना आहे, कागदावर रेखाटनही केलेले आहे. पण त्याचा दिवस फोनवर ‘साहेब, तेवढं पेमेंटचं बघा ना’ असे म्हणण्यात जातो आणि संध्याकाळी तो कागद पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवतो. देशाचा किती नवोन्मेष अशा ड्रॉवरमध्ये पडून आहे याची मोजदाद कोणी करत नाही.

कायदा याबाबत अपुरा नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज देय होते. २०२४ पासून लागू झालेल्या प्राप्तिकरातील तरतुदीमुळे, मुदतीत न दिलेल्या अशा रकमेची वजावट खरेदीदाराला ती प्रत्यक्ष चुकती केल्याच्या वर्षीच मिळते. तक्रारीसाठी ऑनलाइन पोर्टल आहे. बिले वटवण्यासाठी ट्रेड्स ही ऑनलाइन व्यवस्था आहे.

तरीही तक्रार करणारे थोडेच, कारण ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याच्याच पुढच्या ऑर्डरवर गाळा चालतो. हा प्रश्न कायद्याने अर्धाच सुटतो. उरलेला अर्धा मोठ्या उद्योगांच्या संचालकांनी आणि त्यांच्या लेखा विभागांनी स्वतःहून सोडवायचा आहे. आपल्या समाजात पन्नास पुरवठादारांची थकबाकी ठेवून दिमाखात वार्षिक सोहळा करणाऱ्या उद्योगपतीचा सत्कार होतो, तोवर संस्कृती बदलली असे म्हणता येणार नाही.

बँका तारणाशिवाय कर्ज देत नाहीत, हे खरे आहे का?

पूर्णपणे खरे नाही. वर सांगितलेल्या मुद्रा कर्जाला तारण लागत नाही आणि सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीचा पतहमी निधी २००० सालापासून अस्तित्वात आहे, ज्यात उद्योजकाच्या वतीने बँकेला हमी दिली जाते. परंतु शाखाधिकाऱ्याला बुडालेल्या कर्जाची विचारणा होते आणि न दिलेल्या चांगल्या कर्जाची कधीच होत नाही, त्यामुळे तो सात-बारा आणि घराचा उतारा मागतो. शाखेत जाताना उद्यम नोंदणी (ती विनामूल्य आहे, कोणालाही त्यासाठी पैसे देऊ नयेत), मागील बारा महिन्यांचे बँक व्यवहार आणि संभाव्य गिऱ्हाइकांची लेखी मागणीपत्रे सोबत ठेवावीत. आमच्या अनुभवात शेवटच्या कागदाचा परिणाम सर्वांत अधिक होतो.

शाळेत उद्योजकता शिकवता येते का?

पाठ्यपुस्तकातून शिकवता येत नाही, हाताला काम देऊन शिकवता येते. पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मुंबईतील संशोधनाची मोठी नोकरी सोडून ते या अवर्षणप्रवण गावात आले. मुले शिकतात ती काम करता करता, आणि ते काम गावाच्या खऱ्या गरजेचे असते, हे त्यांचे सूत्र होते. येथील मुलांनी बांधकाम, वेल्डिंग, भूजल शोधण्यासाठीची मोजणी, शेती, रक्त-लघवी तपासणी अशी कामे शिकून गावाला पैसे घेऊन सेवा दिली. ‘पैसे घेऊन’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण गिऱ्हाईक पैसे मोजते तेव्हाच काम नीट झाले की नाही हे खडसावून सांगते. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने फॅब लॅबची, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कोणालाही वस्तू घडवता येतील अशा छोट्या कार्यशाळेची, कल्पना अमेरिकेबाहेर नेली तेव्हा पहिल्या काही प्रयोगशाळांत २००२ मध्ये पाबळचा समावेश झाला, तो या पार्श्वभूमीमुळे.

अटल टिंकरिंग लॅब ही केंद्राची योजना याच दिशेची आहे. सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी देशभरात दहा हजार प्रयोगशाळा उभ्या राहिल्या आणि आणखी पन्नास हजारांची घोषणा २०२५ च्या अर्थसंकल्पात झाली. त्या प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते, हा आमचा नेहमीचा प्रश्न असतो. काही शाळांत थ्रीडी प्रिंटर अजून प्लॅस्टिकच्या आवरणात आहे, ‘मुले बिघडवतील’ म्हणून. मुलांना वस्तू बिघडवू न देता काही शिकवता येत नाही, आणि बिघडलेल्या प्रिंटरबद्दल मुख्याध्यापकांना जाब विचारला जाणार नाही, असा स्पष्ट आदेश निघाला तर त्याचा उपयोग नव्या यंत्राइतकाच होईल.

गावातल्या, कमी शिकलेल्या माणसाकडून खरा नवोन्मेष होतो का?

होतो, आणि त्यावर आपली कोट्यवधींची शेती उभी आहे. सांगली जिल्ह्यातील तासगाव भागात एका बागाईतदाराने थॉमसन सीडलेस या द्राक्षाच्या वेलींमधून वेगळी दिसणारी वेल हेरून तास-ए-गणेश हे वाण पुढे आणले. सोलापूरजवळच्या नान्नज येथील नानासाहेब काळे यांच्या बागेत सोनाका ही द्राक्षाची जात तयार झाली. ही कामे प्रयोगशाळेत झाली नाहीत, रोज पहाटे बागेत फिरणाऱ्या डोळ्यांनी ती केली. त्यांचा प्रसार झपाट्याने झाला, कारण द्राक्ष बागाईतदारांचा संघ होता, चर्चासत्रे होती आणि एकमेकांच्या बागेत जाऊन काडी मागण्याची, देण्याची रीत होती. १९९१ मध्ये महाग्रेप्स ही सहकारी संस्थांची भागीदारी उभी राहून युरोपात माल जाऊ लागला, तो याच पायावर. आज नाशिक जिल्ह्यातील मोहाडी येथील सह्याद्री फार्म्स ही शेतकरी उत्पादक कंपनी त्या परंपरेत पुढचे पाऊल आहे.

दुसरे उदाहरण मनाला लागणारे आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्याच्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानाच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचे दाणे जपून पिशवीत ठेवले आणि वर्षामागून वर्षे निवड करत बारीक दाण्याचे एक वाण सिद्ध केले. बाजारात त्याला त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. हे वाण अनेक राज्यांत पसरले. व्यापाऱ्यांनी त्यावर पैसा केला. पुढे कृषी विद्यापीठाने सुधारित रूपात ते पीकेव्ही एचएमटी या नावाने प्रसारित केले. श्रेयासाठी दादाजींना दीर्घकाळ झगडावे लागले. राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार त्यांना २००५ मध्ये मिळाला, पण हाती दीड एकराच्या आसपास जमीन आणि जवळ पैसा नाही, अशाच स्थितीत ते जगले आणि जून २०१८ मध्ये गेले. ज्यांच्या घरी आज एचएमटी तांदळाचा भात शिजतो, त्यांपैकी किती जणांना हे नाव माहीत आहे?

मग शोध लागल्यावर पेटंट घेणे हाच उपाय आहे का?

वनस्पतींच्या वाणांना आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही. त्यासाठी २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा आहे आणि त्याखाली शेतकऱ्याला आपल्या वाणाची नोंदणी शुल्क न भरता करता येते. यंत्रे व प्रक्रिया यांना पेटंट घेता येते. स्टार्टअप आणि लघु उद्योगांना शुल्कात मोठी सवलत आहे. मात्र पेटंट म्हणजे दावा करण्याचा हक्क, आणि दावा चालवायला पैसा लागतो. छोट्या उद्योजकाने आधी नोंदवहीत तारीखवार नोंदी आणि छायाचित्रे ठेवावीत, पेटंटचा अर्ज करण्यापूर्वी प्रदर्शनात यंत्र मांडू नये, आणि ज्या वस्तूचे आयुष्य बाजारात दोनच वर्षांचे आहे तिच्या पेटंटमागे धावू नये.

उद्योगासाठी जात आणि स्त्री-पुरुष भेद यांचा विचार करण्याची गरज आहे का?

अर्थातच आहे. उद्योगाला गिऱ्हाईक लागते आणि कोणाच्या हातचे घ्यायचे हे आपल्याकडे शतकानुशतके जातीने ठरवले. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले. चहा चांगला होता, जागा मोक्याची होती, तरी त्या काळी अस्पृश्य गणलेल्या माणसाच्या हातचा चहा प्यायला कोणी येईना. मग शाहू महाराजांनी तेथे आपली गाडी थांबवून चहा घेण्याचा परिपाठ ठेवला. महाराज पितात म्हटल्यावर सोबतच्या मानकऱ्यांनाही कप हातात घ्यावा लागला. शाहू महाराजांनी राज्यात वसतिगृहे काढली, आरक्षण दिले, व्यापारपेठ वसवली, पण उद्योजकतेच्या संस्कृतीविषयी बोलताना आम्हांला तो चहाचा कप सर्वांत मोठा वाटतो. अनुदान देणारा राजा आणि स्वतः गिऱ्हाईक होणारा राजा यांत फरक आहे. पुण्यात २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी स्थापन केलेली दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री ही संस्था नेमक्या याच ठिकाणी, म्हणजे मोठ्या उद्योगांच्या पुरवठादारांच्या यादीत दलित उद्योजकांना जागा मिळावी यासाठी काम करते.

स्त्रियांच्या बाबतीत माणदेशाचे उदाहरण पाहावे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तक स्त्रियांपैकी अनेकींना सही करता येत नव्हती, अंगठे होते. त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी अक्षरे गिरवली, पुन्हा अर्ज केला आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवण्याची तयारी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आठवडी बाजाराच्या दिवशी बँकेत येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवणे, हे ओळखून दारी जाऊन रोजची रक्कम गोळा करण्याची पद्धत तिने बसवली. गिऱ्हाइकाचा दिवस कसा जातो हे ज्या संस्थेला माहीत असते, तिला नवी कल्पना बाहेरून आणावी लागत नाही.

उद्योग ठरावीक गावांतच का बहरतात?

कारण तेथे एकाचे ज्ञान शेजाऱ्याच्या उपयोगी पडते. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग बसवला, त्याला तेथील जहागीरदार नारायणराव घोरपडे यांचे पाठबळ होते. पुढे मागामागे माग लागले, सुटे भाग करणारे आले, दुरुस्तीचे मिस्त्री तयार झाले, सूत उधारीवर देणारे व्यापारी आले. आज नव्या माणसाने तेथे माग घेतला तर मध्यरात्री बिघाड झाल्यावर कोणाला उठवायचे हे त्याला माहीत असते. कोल्हापूरच्या फौंड्रींचेही असेच. ऊसशेतीच्या तेलइंजिनांची दुरुस्ती करता करता उद्यमनगरातल्या मिस्त्रींच्या हाती ओतकाम आणि यंत्रकाम बसले आणि त्यातून वाहन उद्योगाला कास्टिंग पुरवणारे शेकडो कारखाने उभे राहिले.

ज्ञानसंस्था जवळ असण्याचा लाभही असाच होतो. सिरम इन्स्टिट्यूट १९६६ मध्ये पुण्यात निघाली, त्यामागे घोड्यांच्या रक्तातून प्रतिविष द्रव काढण्याचे मुंबईच्या हाफकिन संस्थेतले काम आणि पूनावाला कुटुंबाचा घोड्यांचा तबेला यांचा जुना संबंध होता. पुण्यातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात चालणारे व्हेंचर सेंटर आज विज्ञानाधारित नवउद्योगांना महागडी उपकरणे भाड्याने वापरू देते, हे त्याच विचाराचे आजचे रूप आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने राज्यभर जमीन, पाणी आणि रस्ते दिले, ती कामगिरी मोठीच आहे. तरी काही तालुक्यांतील भूखंड वर्षानुवर्षे रिकामे का, याचे उत्तर शेजारी कोण आहे आणि कोण नाही यात सापडते.

धंदा बुडाला तर?

नवे काही करणाऱ्यांपैकी बरेच जण बुडतात, हे गृहीत धरूनच व्यवस्था आखावी लागते. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने कंपन्यांसाठी बाहेर पडण्याचा मार्ग आखला आणि २०२१ मध्ये लघुउद्योगांसाठी सोपी प्रक्रिया आणली. पण आपल्याकडील बहुसंख्य उद्योग एकट्या मालकाचे आहेत, त्यांच्या बाबतीत उद्योगाचे कर्ज आणि घराचे कर्ज यांत भिंत नसते. गाळ्याबरोबर घरही जाते.

त्याहून अवघड असते ते गावात तोंड दाखवणे. एका परिचिताचा दुग्धप्रक्रिया उद्योग बंद पडला. त्याने दूध उत्पादकांची पै न् पै चुकती केली, त्यासाठी शेताचा तुकडा विकला. तरी पुढची चार वर्षे लग्नकार्यात त्याची ओळख ‘तो डेअरी बुडवलेला’ अशीच करून दिली जाई. त्याच्याजवळ शीतसाखळी, दुधाची प्रतवारी, शहरातील वितरण यांचे जे ज्ञान होते, तसे त्या तालुक्यात दुसऱ्या कोणाजवळही नव्हते, आणि ते विचारायला कोणी गेले नाही. अखेर शेजारच्या जिल्ह्यातील एका उत्पादक कंपनीने त्याला सल्लागार म्हणून नेले. लबाडीने बुडवणारा आणि प्रयत्न करून हरलेला यांत फरक करायला आपण शिकलो, तर पुढच्या प्रयत्नाचा अर्धा खर्च वाचेल.

युनिकॉर्नची संख्या हे यशाचे माप मानावे का?

युनिकॉर्न म्हणजे एक अब्ज डॉलरहून अधिक मूल्याचा नवउद्योग. त्यांची संख्या एकमेव माप म्हणून मानू नये. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत २०१५ मधील ८१ व्या स्थानावरून २०२४ मध्ये ३९ व्या स्थानावर आला, ही समाधानाची बाब आहे. तरी तालुक्याच्या पातळीवर आम्ही वेगळे आकडे पाहतो. पाच वर्षांपूर्वी सुरू झालेल्यांपैकी किती उद्योग अजून चालू आहेत, त्यांतील किती जणांनी दुसरे उत्पादन काढले, आणि त्यांच्याकडे काम शिकून किती कामगारांनी स्वतःचा गाळा टाकला? शेवटचा आकडा वाढत असेल तर इतर आकडे आपोआप मागून येतात.

आमच्या गावात, कोणत्याही निधीशिवाय, यंदा काय करता येईल?

बरेच काही करता येईल. ग्रामपंचायत, दूध संस्था, पतसंस्था, शाळा आणि बाजार समिती मिळून वर्षाला जी खरेदी करतात तिची यादी करावी आणि तीतील कोणत्या वस्तू वा सेवा गावातील किंवा पंचक्रोशीतील कोणी पुरवू शकेल हे पाहावे. बाके, फलक, गणवेश, पाण्याच्या टाकीची दुरुस्ती, हिशेबाचे सॉफ्टवेअर, यांतले काही ना काही सापडते. नियमांच्या मर्यादेत राहून एक काम नव्या माणसाला द्यावे, लहान द्यावे, आणि बिल आल्यापासून पंधरा दिवसांत पैसे चुकते करावेत.

शाळेच्या प्रयोगशाळेची किल्ली शनिवारी दुपारी गावातील एखाद्या वेल्डरकडे किंवा वायरमनकडे द्यावी आणि मुलांना त्याच्या हाताखाली काम करू द्यावे. ज्यांचे उद्योग बंद पडले अशा दोघातिघांना बोलावून, सत्कार किंवा भाषण न ठेवता, ओसरीवर चहा घेत त्यांचा हिशेब समजून घ्यावा. आणि एखादा शेतकरी नवे अवजार करून दारात आला, तर आपल्या शेताचा एक वाफा त्याला एका हंगामासाठी वापरायला द्यावा. उत्पन्न कमी आले तर नुकसान किती, हे आधीच मोजून ठेवावे. बहुतेक वेळा ते दोन पोत्यांच्या आत असते.